टायरमधला खिळा

शेजारच्या सलिलची नवी मोटारसायकल बघून हेमा म्हणाली, "काय देखणी आहे!" आणि तिच्या नवऱ्याच्या, आमोदच्या पोटात दुखू लागलं. दुपारी सगळी सोसायटी झोपलेली असताना त्याने त्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये खिळा ठोकला. तरी ती आपली रोज ऐटीत धावतच होती. पंधरवड्याने पंक्चर झाली ती आमोदचीच जुनी गाडी.

"बसा, सोडतो स्वारगेटला," सलिल म्हणाला.

आमोद साळसूदपणे वाकला. "अहो, तुमच्या टायरमध्ये खिळा घुसलाय!"

"माहितीये. ट्यूबलेस आहे. खिळा उपटला नाही तर हवा जात नाही."

"तरी काढून टाका की!"

"काढणार होतो. पण तुम्ही वामकुक्षी सोडून, एवढं खपून ठोकलात. जिवावर येतं हो."