न दिसणाऱ्याचं वजन

“या विश्वात कुणीच एकटं नसतं,” असं प्राध्यापक आप्पासाहेबांनी साताऱ्याच्या सभागृहात धीरगंभीर आवाजात सांगितलं आणि पाठोपाठ, “हे सगळं गणित मी एकट्यानं केलं,” असंही सांगून टाकलं.

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी विजयमालाबाई बसल्या होत्या. सांगलीच्या घरात, भात शिजेपर्यंतच्या वेळात, लॉगची कोष्टकं मांडीवर घेऊन ते गणित त्यांनीच सोडवलं होतं. “साताऱ्यात तुझं नाव घेतो,” असं सर सकाळी एसटीत चढतानाही म्हणाले होते.

“जोडीतला एक तारा दुर्बिणीतूनही दिसत नाही,” सर सांगत होते, “पण त्याच्या ओढीनं दिसणारा तारा डुलतो. त्या डुलण्यावरून न दिसणाऱ्याचं वजन काढता येतं.”

मागून एक पेन्शनर सुभेदार उठले. “समजलं की. पर सर, वजन भरलं किती म्हणायचं?”

सरांनी कागद चाळले, चष्मा पुसला, या पायावरून त्या पायावर डुलून घेतलं आणि शेवटी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

“सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढं,” विजयमालाबाई उभ्या राहून म्हणाल्या. आता तरी नाव घ्यावंच लागेल, असं त्यांना वाटलं.

“बघा!” अध्यक्षांनी टाळी वाजवली. “सरांनी घरच्यांनासुद्धा किती तयार केलंय!”

सरांनी विनयानं मान लववली.

सरांना शाल-श्रीफळ मिळालं, बाईंना खण. घरी येऊन त्यांनी तो मोजला. पोलक्याला वीतभर कमी भरला.