बिघडलेला माठ

अरुणा गल्लीत वळली तेव्हा पानाच्या टपरीपाशी उभी असलेली माणसं बोलता बोलता गप्प झाली. पण शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलंच होतं.

"...आमवाले दफ़्तर की जीप थी. सीधी नहर में गई. मराठी साहब थे अंदर."

तिचा नवरा दिनकर सकाळीच जीपने मलिहाबादला गेला होता. एप्रिल महिना, दशहरी आंब्याच्या बागांत कीड पडलेली, आणि त्या किडीमागे उन्हातान्हात हिंडणारा मराठी साहेब अख्ख्या लखनौत तो एकच.

"कौन सी जीप, भैया?"

पानवाल्याने पानाला कात लावायला घेतला. वर पाहिलं नाही. "कुछ नहीं, बहनजी. लोग तो बकते रहते हैं. आप चाची के यहाँ जाइए."

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून अरुणाने दिनकरच्या ऑफिसला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. जेवायला गेले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. इतक्या सकाळी कोण जेवतं, असं मनाने लगेच विचारलं. मन चिंती ते वैरी न चिंती, ते काही खोटं नाही.

चाचींच्या घरी निदान हशमत मियाँ असतील, त्यांच्याकडे सायकल आहे, ते चौकशी करून येतील. एवढाच विचार धरून ती त्यांच्या दारात शिरली.

हशमत मियाँ निळीत कापड रंगवणारे, आणि खैरुन चाची त्यांची बायको. मातीच्या माठात खऱ्या निळीचं रंगकाम करणारं त्या मोहल्ल्यातलं हे शेवटचं घर. डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी अरुणा वर्षभर त्यांच्या अंगणात येऊन बसत होती. माठाशी कोण कसं बसतं, झाकण कोण उचलतं, त्याच्याशी काय बोलतं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. "तू त्या माठाची सून झालीस," असं दिनकर चिडवायचा. आज निघतानासुद्धा त्याने आपला पांढरा रुमाल तिच्या हातात दिला होता. "शाई सांडली आहे यावर. तुझ्या सासरी बुडवून आण, डाग झाकेल."

रुमाल अजून तिच्या पिशवीत होता.

अंगणात दोरीवर रजईची कापडं वाळत टाकली होती. खालून वाकून जाताना तिच्या पदरावर एक थेंब पडला. चाची चुलीपाशी बसल्या होत्या. चूल विझलेली होती.

"चाची, मियाँ कहाँ हैं? बाहर लोग कह रहे हैं..."

चाची उठल्या. त्यांनी तिला धरून बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"सुन लिया तुमने भी," त्या शेवटी म्हणाल्या. "अरे बिटिया, माठ बिगड़ गया है."

अरुणाला आधी अर्थच लागला नाही. मग उमगलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

ही रीत तिने स्वतःच टिपून घेतली होती. माठ चांगला असला की कापड त्यातून हिरवं निघतं आणि वाऱ्यावर निळं होतं. बिघडला की खरकट्या पाण्यासारखं मळकट निघतं, रंग धरतच नाही. गूळ, चुना सगळं करून थकलं की रंगारी शेवटचा उपाय करतो. बाजारात जाऊन एक मोठी थाप सोडून देतो. लोकांचा जसजसा विश्वास बसेल, तसतसा माठ सुधारतो म्हणतात. गेल्या हिवाळ्यात मियाँनी गोमतीच्या घाटावर मगर आणून सोडली होती. अर्धा मोहल्ला बघायला धावला. दिनकरही सायकल काढून गेला आणि स्वतःलाच हसत परत आला.

"तो मियाँ..."

"बाज़ार में. और कहाँ होंगे."

"लेकिन चाची, इन्हीं का नाम क्यों?" आता तिला रडू यायला लागलं, आणि थोडा रागही. "मेरी तो जान निकल गई."

"ऐसी-वैसी बात पर अब कौन यक़ीन करता है." चाचींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुम यहीं बैठो. घर मत जाना अभी. मियाँ आ जाएँ, फिर साथ चलेंगे."

"एक बार माठ देख लूँ?" वर्षभरात बिघडलेला माठ तिने पाहिला नव्हता; गेल्या हिवाळ्यातही ती येईपर्यंत तो सुधारला होता.

"नहीं," चाची पटकन म्हणाल्या. "बिगड़े माठ पर पराई नज़र नहीं पड़नी चाहिए."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. चाची उठून गेल्या. बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, आणि मग मियाँ हळू आवाजात काहीतरी सांगू लागले. थाप चांगली चालली असणार. संध्याकाळी दिनकरला हे सांगायचं, तो पुन्हा चिडवणार, या विचाराने अरुणाला हसू आलं. आता तो डागाळलेला रुमालच बुडवून बघावा. मळकट तर मळकट, बिघडलेल्या माठाचा नमुना तरी हाती राहील. बाहेरचं बोलणं चालूच होतं. ती पाय न वाजवता माठापाशी गेली, झाकण सरकवलं आणि पिशवीतून रुमाल काढून आत सोडला.

रुमाल हिरवा निघाला, आणि तिच्या हातात, वाऱ्यावर, हळूहळू निळा होत गेला.