ए विंगेचा प्रोसेसर, बी विंगेचं कार्ड

प्रफुल्ल पात्रता फेरी जिंकला. आता हे वाक्य विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही.

घडलं ते असं. रविवार, सकाळचे दहा. डोंबिवलीतल्या नवरंग सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर दोन खोके उघडे पडले होते आणि ए विंगेचे गुणाजीकाका त्यांच्याकडे मयताला आल्यासारखे बघत होते. ऑनलाइन गेमचा सामना चारला होता. प्रफुल्ल जिंकला तर वाशीचा एक संघ त्याला पगारी खेळाडू म्हणून घेणार होता. हरला तर सोमवारपासून माजिवड्याला, मामाच्या ऑफिसात, ठोकलेल्या गाड्यांच्या विम्याच्या फायली. मामाने त्याच्यासाठी खुर्चीही आणून ठेवलेली. तिचा फोटो रोज सकाळी यायचा.

सोसायटीने गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यावा म्हणून प्रफुल्लने दोन वर्षं कमिटीला पिडलं होतं. शेवटी ठराव झाला. प्रोसेसर ए विंग देणार, ग्राफिक्स कार्ड बी विंग देणार, बाकीचं सामान सामायिक. मग तीन महिने खपून प्रफुल्लने जोडी काढली. प्रोसेसर कमजोर असला तर कार्ड नुसतं बसून राहतं. कार्ड कमजोर असलं तर प्रोसेसर जांभया देतो. या जोडीत कोणी कोणासाठी खोळंबणार नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्याने कमिटीला सांगितली नव्हती. आकार.

“हे आमचं?” गुणाजीकाकांनी प्रोसेसर चिमटीत उचलला.

“काका, कडेला धरा, कडेला!”

“याला कड सोडून आहेच काय? मारी बिस्कीट आहे हे. आणि बी विंगेची ही वीट? वर तीन पंखे?”

“काका, अख्ख्या मशीनचा मेंदू आहे तो.”

“मेंदू दिसत नाही रे. पंखे दिसतात.”

बी विंगेच्या मंजुळाकाकू कार्डावरची नसलेली धूळ पदराने पुसत होत्या.

काकांनी बाजारातला सर्वांत महाग प्रोसेसर आणायचा हुकूम सोडला. तोही बिस्किटाएवढाच असतो आणि वर या कार्डाबरोबर तो जांभया देत बसेल, असं प्रफुल्लने सांगून पाहिलं. “मग आमचा परत. ठराव रद्द,” काका म्हणाले.

मित्राची स्कूटर घेऊन तो ठाण्याला, नौपाड्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात पळाला. येताना शीळफाट्याला दोन ट्रेलरांच्या मधे पाऊण तास उभा राहिला, पोटाशी खोका धरून. खोक्यात प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर होता. दोन मनोऱ्यांचा, वीतभर उंच, कार्डापेक्षा थोराड. एवढ्या मोठ्याची काहीएक गरज नव्हती.

“हा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो,” प्रफुल्ल धापा टाकत म्हणाला. “म्हणजे ए विंगेत.”

काकांचा चेहरा उजळला. मंजुळाकाकूंनी ताबडतोब कार्डाला रंगीत दिवे मागितले. ते होतेच, नुसते लावायचे राहिलेले.

तीनला मशीन सुरू झालं. गेम लोण्यासारखा पळाला. प्रफुल्ल खुर्चीत बसला आणि काकांनी घसा खाकरला.

“पण खेळणार कोण?”

“मी.”

“तू बी विंगेचा.”

उभ्याउभ्या तातडीची सभा झाली. “कीबोर्ड ए विंगेचा, माऊस बी विंगेचा. नोंद करा,” मंजुळाकाकूंनी निकाल दिला. ए विंगेतली पोरं सगळी क्लासला गेलेली. तेव्हा गुणाजीकाकांनीच बाह्या दुमडल्या. वय वर्षं एकोणसत्तर.

प्रफुल्लने मोबाइल काढला आणि मामाच्या खुर्चीचा फोटो नीट बघून घेतला. पाठीला टेका बरा होता.

चार वाजले. पळणं, वाकणं, बंदूक भरणं हे सगळं कीबोर्डवर. नेम धरून गोळी झाडणं माऊसवर. काकांनी दहाही बोटं कळांवर टेकवली. कल्याणच्या कोर्टात त्यांनी एकतीस वर्षं टायपिंग केलं होतं. बोटांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

“काका, जरा डावीकडे घ्याल का, प्लीज...”

“विनंती नको. हुकूम दे. साहेबांचं बोलून व्हायच्या आत माझं कागदावर उमटलेलं असायचं.”

“डावीकडे! वाका! भरा!”

काका डावीकडे गेले, वाकले, बंदूक भरली आणि न सांगता भिंतीवरून उडी मारली. पलीकडे शत्रू पाठमोरा उभा होता. प्रफुल्लने टिपला. मग दुसरा. मग हुकूमही थांबले.

“मार, गुणाजी!” मंजुळाकाकू ओरडल्या. नेम बी विंगेचा होता, पण कोणी हरकत घेतली नाही.

ते जिंकले. दोन्ही विंगांनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि लगेच सोडल्या.

नियमाप्रमाणे कॅमेरा चालू होता. आयोजकांचा निरोप आला. समोर दोन जण दिसत आहेत, खेळाडू कोण? पाच मिनिटांत एकच नाव कळवा, अन्यथा निकाल रद्द.

“तुझं टाक,” काका खुर्ची मागे सरकवत म्हणाले. “मी आपला टायपिस्ट.”

प्रफुल्लने एका बोटाने आपलं नाव टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. दोन मिनिटं उरली तेव्हा त्याने ते शेवटचं पुसलं आणि कीबोर्ड काकांपुढे सरकवला.

“काका, बसा. लिहा.”

“हुकूम?”

“हुकूम.”

काकांची बोटं चालू लागली. ‘मा. आयोजक महोदय, अर्जदारांचे सरासरी वय सेहेचाळीस असून सदर सामन्यात एकूण तीन हात वापरण्यात आले, हे कबूल आहे. तरी उभय इसमांस यापुढे एकच खेळाडू समजण्यात यावे, ही नम्र विनंती.’