पहिली वर्गणी

सातव्या फंडवाल्याचाही होकार आला आणि मुंबुआने कपाळाला हात लावला. लंडनचे व्हिटलॉकसाहेब म्हणाले होते की त्यांचा फंड पैसे घालायला एका पायावर तयार आहे, फक्त आधी कोणीतरी पुढाकार घ्यावा. पहिले सहाही असेच एका पायावर उभे होते.

नैरोबीत नळ कोरडे पडले की लोक मुंबुआचं अॅप उघडत आणि दारात पाण्याचा टँकर येई. धंदा आठ शहरांत पसरला होता. गुंतवणुकीच्या आधीच्या तीन फेऱ्यांत फंडवाल्यांनी दिलेले पैसे टँकरमालकांना आणि जाहिरातींना पाजून झाले होते. ही चौथी, सगळ्यात मोठी फेरी शुक्रवारपर्यंत भरली नाही तर कंपनीला कुलूप लागणार होतं. म्हणून तिने सातही जणांना वेस्टलँड्समधल्या एका हॉटेलात एकत्र बसवलं. समोरासमोर आले की एखाद्याला तरी लाज वाटेल, असा तिचा हिशेब होता. लाज कोणालाच वाटली नाही. सगळे समोसे खात एकमेकांकडे आदराने बघत राहिले.

ती बाहेर येऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. फोन उघडायचा, बंद करायचा, परत उघडायचा. तिथेच किलोंझो मामांनी तिला गाठलं. दोन वर्षं घरी न फिरकलेल्या भाचीला धरून आणायला आईने त्यांना कितुईहून धाडलं होतं. मामा गावोगावच्या हरंबेत, म्हणजे वर्गणी गोळा करायच्या सभेत, माइक धरत. शाळेचं छप्पर असो की कोणाचं ऑपरेशन, त्यांनी माइक हातात घेतला की वर्गणी न देता मांडवाबाहेर पडलेला माणूस अजून कोणी पाहिला नव्हता.

मुंबुआने त्यांना आतला सगळा प्रकार सांगितला. मामांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"पहिला कोणीच देत नसतो गं," ते म्हणाले. "ही मंडळी आपल्या गावचीच निघाली की. फक्त बूट बरे आहेत."

तिने अडवायच्या आत मामा दार ढकलून आत गेले. माइक नव्हता, पण त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांनी खिशातून पाच हजार शिलिंग काढून टेबलावर ठेवले, ही पहिली वर्गणी म्हणून जाहीर केलं आणि टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. मग ते व्हिटलॉकसाहेबांकडे वळले. विमानात बसून एवढ्या लांब आलेला पाहुणा रिकाम्या हाताने परत गेला तर तिकडे तोंड कसं दाखवणार, अशी त्यांनी सगळ्यांदेखत काळजी व्यक्त केली. साहेबांनी कराराचे कागद घेऊन बसलेल्या कंपनीच्या वकीलबाईंकडे पाहिलं. बाईंनी कागद चाळले. कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा, एवढंच त्यात होतं. त्याने किती घालायचे, हे लिहायचं राहून गेलं होतं.

"पुढाकार घेतला गेलाय," बाई म्हणाल्या.

व्हिटलॉकसाहेबांनी चाळीस लाख डॉलर सांगितले. घरी बायको आहे ना, तिच्या नावाचे कुठेत, असं मामांनी विचारलं. साहेबांनी बायकोच्या नावाने आणखी दहा लाख घातले. टाळ्या. पाठोपाठ बाकीच्या सहांनीही आकडे सांगितले आणि समोसे गार व्हायच्या आत फेरी भरली. मुंबुआ बाथरूममध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली.

पुढाकार घेणाऱ्याला संचालक मंडळात पहिली खुर्ची, असा कागदोपत्री नियम होता. ती मामांना मिळाली. उरलेल्या सात खुर्च्यांवर सात फंडवाले बसले.

महिन्याभराने मंडळाची पहिली बैठक भरली. मामा त्यासाठी उसना कोट घालून आले. मुंबुआ नव्या शहरांचे आकडे दाखवत होती. मध्येच फोनवर कोणालातरी उत्तर देत होती. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. समोरच्या चहावर साय धरली होती. मामांचं आकड्यांकडे लक्ष नव्हतं, ते तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"पुरे झालं," ते म्हणाले. "पोरीच्या अंगावर मांस राहिलं नाही. कंपनी आता दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. हिला मी आजच्या गाडीने घरी नेतो."

मुंबुआ हसली. हा ठराव समजायचा का, असं वकीलबाईंनी विचारलं. समजा की, म्हणत मामांनी हात वर केला.

त्यांच्या मागोमाग, या खेपेला कोणी कोणाची वाट न बघता, सात हात वर गेले.