विटकरी

फोनमधलं घर पुन्हा आडवं पडलं. छप्पर उजव्या कुशीवर, दार आभाळाकडे. लेकीने कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरवर पायथनमध्ये लिहिलेला तिचा कोड शहाण्यासारखा चालत होता. फोनसाठी तोच कोटलिन या दुसऱ्या भाषेत उतरवताना एकेक ओळ रुसून बसत होती. आता उभ्या-आडव्याची अदलाबदल झाली होती. तिने ती सुधारली आणि श्वास रोखून बटण दाबलं.

घर उभं राहिलं. भिंत तेवढी पांढरी, बाकी सगळं काळं. खिडकीचे गज, कुंडीतली पानं, दारावरची घंटी, कुठेही कड सुटली नव्हती. फोटोतून भिंत अशी अलगद वेगळी काढणं हेच खरं काम. तिच्यात हवा तो रंग भरणं म्हणजे शेवटच्या चार ओळींची हमाली. त्या तिने भराभर उतरवून टाकल्या. तिला खुर्चीतच नाचावंसं वाटत होतं.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं. बाबा रंगारी. भिंत रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण आईशिवाय त्यांनी कधी ब्रश बुडवला नाही. डबा आईने उघडायचा, रंग आईने कालवायचा, आणि गिऱ्हाइकाला छटा सांगण्याआधी बाबा तिच्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणतेस?" लोक त्यांना बायकोचा बैल म्हणून चिडवत. बाबा हसण्यावारी नेत. लेकीला मात्र त्या दोघांचं भारी कौतुक होतं.

मग आईचे गुडघे गेले. ती घरी बसली आणि तिच्यासोबत बाबाही. आलेलं प्रत्येक काम ते काही ना काही सबब सांगून परत पाठवू लागले. आता दातांच्या डॉक्टरांनी नव्या दवाखान्याचं सगळं काम देऊ केलं होतं. छटा ठरवायला आजच बोलावलं होतं. हेही नाकारलं तर पुन्हा कोणी दारात येणार नाही, हे घरात तिघांनाही कळत होतं. "तिच्याशिवाय माझा हात चालत नाही," एवढंच बाबा म्हणत. गिऱ्हाइकाच्याच भिंतीवर छटा फोनमध्ये दाखवता आली, तर ते एकटेही कामाला जातील, असं लेकीला वाटत होतं.

लेक फोन घेऊन अंगणात धावली. आई पायरीजवळ खुर्ची टाकून बसली होती, बाबा शेजारी जुने ब्रश धूत होते. घराची दर्शनी भिंत त्या दोघांनीच रंगवलेली, विटकरी. याच भिंतीवर याच रंगाची परीक्षा घ्यायची, असं लेकीने ठरवलं होतं. खरा रंग समोर, फोनमधला हातात. ताडून बघायला आणखी काय लागतं?

आई म्हणाली, "आधी तू बघ. मग त्यांना दाखव."

"नाही. पहिली नजर बाबांची." रंगातलं त्यांच्याइतकं कळतं कोणाला, असंही तिने वर ऐकवलं.

बाबांनी हात पुसून फोन घेतला. रंगांच्या चौकोनांखालची अक्षरं वाचून ते खुलले. "नावं लिहिलीस, हे फार बरं केलंस," ते म्हणाले आणि 'विटकरी'वर बोट टेकवलं. लेकीला फोनकडे बघायचा धीर होईना. ती त्यांच्या चेहऱ्याकडेच टक लावून उभी राहिली.

बाबांनी फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे. ऊन चुकवायला आडोशाला गेले आणि तिथूनही नीट ताडून पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. कित्येक महिन्यांत तो असा दिसला नव्हता.

"पोरी, तोच रंग. काडीचा फरक नाही."

लेकीचा जीव भांड्यात पडला. आनंदाने तिचे डोळे भरून आले. डॉक्टरांकडे आत्ताच निघतो आणि एकटाच जातो, असं म्हणत बाबांनी फोन तिच्या हातात दिला. शर्ट बदलायला ते तरातरा आत गेले आणि कोणता घालू म्हणून आतूनच विचारलं.

"खुंटीला अडकवलाय, तोच घाला," आई म्हणाली. तिची नजर लेकीवर होती.

लेकीने डोळे पुसले आणि फोन समोर धरला. खिडकीचे गज, कुंडीतली पानं, दारावरची घंटी, एकेक कड जिथल्या तिथे होती. आणि त्यांच्यामधली सगळी भिंत हिरवी होती.