पदरावरचं गाढव

"जमीन लाटणार शेठ, आणि गाढव सोडायचं त्याच्या आईवर? मी नाही छापणार!" चांगुणाने पंचांसमोरच साड्या छापायची चौकट बाजूला ठेवली.

आमच्या गायरानात राजेरजवाड्यांच्या काळापासून गधेगळाचा दगड उभा आहे. वर चंद्रसूर्य, खाली बाईवर चढलेलं गाढव. ही जमीन जो बळकावेल, त्याच्या आईला ही शिवी! शेठ तिथे रिसॉर्ट बांधायला निघाला, तेव्हा हेच चित्र पदरावर छापून बायकांनी वाट अडवायची, असं पंचांनी ठरवलं होतं.

चांगुणाने चंद्रसूर्य तेवढे ठेवले. खाली गाढवावर बाई ऐटीत बसवली, आणि गाढवाच्या लाथेने उडालेला एक पुरुष काढला.

भूमिपूजनाच्या दिवशी बायका ते पदर मिरवत वाटेत उभ्या राहिल्या. पदरावरची गाढवं एकदम ओरडली, हे मी शपथेवर सांगतो. शेठ म्हणतो, तो त्याच्या गाडीचा हॉर्न होता.

गाडीतून शेठची म्हातारी आई उतरली. "काय गं सुंदर नक्षी! जुनी दिसते."

चांगुणाने तिला आधी दगड दाखवला, त्यातली शिवी समजावली आणि मग आपला पदर पसरला.

म्हातारी दगडाकडे बघत राहिली. मग लेकाकडे पाठ फिरवून बायकांच्या रांगेत येऊन उभी राहिली.

"मलाही एक साडी दे, बाई," ती चांगुणाला म्हणाली. "फक्त त्या पुरुषाला जरा पोट काढ. म्हणजे आमचा बाळू लगेच ओळखू येईल."