अर्ध्या मिनिटाचा वॉल्ट्झ

"आता नीट ऐक हं," म्हणत आल्सीद खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवलेल्या खुर्चीत डोळे मिटून बसला. समोर दोन छोटे स्पीकर, मध्ये डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला ब्लूटूथनं जोडलेला फोन हातात.

अ‍ॅकॉर्डियनवर नाचाचा वॉल्ट्झ सुरू झाला. ओट्यापाशी गम्बोचा रस्सा ढवळणाऱ्या त्याच्या बायकोचा, अर्लीनचा, पाय आपोआप हलायला लागला, आणि तेवढ्यात गाणं बंद!

"खर्जात जरा मार खातो," आल्सीदनं निकाल दिला.

गावातला नाचाचा हॉल बंद पडला त्या दिवशी अर्लीन गाडीत मुसमुसून रडली होती. "रडतेस काय? मी घरातच हॉल करतो," असं म्हणाला होता हा बहाद्दर. तेव्हापासून स्वस्तात चांगलं काय मिळतं, याचा ध्यास. सामान आणायचं, वाजवायचं, खोट काढायची आणि मुदतीच्या आत खोक्यात घालून परत करायचं. पारखायला गाणं दरवेळी हेच, तेही अर्धं मिनिट. आणि घर आपलं मुकं ते मुकंच. या सेटची मुदत आज संपत होती, दुकान पाचला बंद होणार होतं. रिकामं खोकं दाराशी ठेवलेलंच होतं.

"इतक्या कमी पैशात इतका गोड आवाज? कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुझ्या डोक्यात मुरतंय! लाव परत."

त्यानं लावलं. अर्लीननं हात पुसले, तरातरा आली, त्याच्या हातातला फोन काढून एप्रनच्या खिशात टाकला.

"ऊठ."

"अगं, या खुर्चीतूनच खरा आवाज कळतो..."

"आल्सीद, ऊठ म्हणते ना!"

बिचारा उठला. पहिल्याच गिरकीला सोफ्यावर आदळला. अर्लीननं सोफा ढुंगणानं मागं ढकलला आणि त्याला पुन्हा ओढलं. दुसऱ्या कडव्याला त्याचा हात तिच्या पाठीवर बरोबर जागेवर बसला. मग व्हायोलिन आलं.

"हे कुठून आलं गं?"

"होतंच की! तू कधी तिथवर पोचू दिलंस?"

अर्लीनला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं कळेना. गाणं संपलं तेव्हा दोघंही धापा टाकत होते. तिनं भीत भीतच विचारलं, "मग? आवाज कसा होता?"

"कसला आवाज?" आल्सीदनं कपाळ पुसलं. "मी नाचत होतो!"

मग त्यानं घड्याळाकडे पाहिलं, दाराशी ठेवलेलं खोकं उचललं आणि बाहेर गेला. झालं! आता गाडीत टाकेल, मग येऊन वायरी काढेल. अर्लीन गाडीचं दार आपटल्याच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली.

गाडीचं दार काही वाजेना. शेवटी तिनं खिडकीतून डोकावलं. खोकं चपटं होऊन कचऱ्याच्या डब्यात पडलं होतं, आणि आल्सीद कुंपणाला लोंबकळून शेजाऱ्याला ओरडत होता,

"क्लोव्हिस! अरे ए क्लोव्हिस! बायकोला घेऊन ये, आणि नाचायचे बूट घालून या. आमचा हॉल उघडलाय!"